गाठोड्याचा फोटो

माझी भाची पुण्यात फोटोग्राफी शिकते. गेल्या दिवाळीत ती साताऱ्याला आमच्याकडे आली तेव्हा अभ्यासाचं एक काम सोबत घेऊनच आली. घरातली रोजची एकच वस्तू निवडायची आणि तिचे असे फोटो काढायचे की त्या वस्तूमागचं घर, तिचा काळ, ती हाताळणारी माणसं पाहणाऱ्याला जाणवावीत. दोन दिवस तिने पितळी डब्यांपासून पाट्या-वरवंट्यापर्यंत सगळं घर पालथं घातलं. तिसऱ्या दिवशी पुढच्या खोलीतल्या दिवाणाची फळी उचलली आणि आतून लाल खारव्यात बांधलेलं एक बोचकं बाहेर काढलं.

"मावशी, हे कसलं बंडल आहे?"

"अण्णांच्या कागदांचं गाठोडं आहे ते," मी म्हणाले.

आई आतून म्हणाली, "गाठोडं काय म्हणतेस? ह्यांचा रुमाल आहे तो. जपून ठेव गं, जमिनीचे कागद आहेत त्यात."

बंडल, गाठोडं, रुमाल. एकच वस्तू आणि तीन पिढ्यांच्या तोंडी तिची तीन नावं. भाचीने ते खिडकीपाशी पांढऱ्या चादरीवर ठेवलं आणि स्टुलावर उभी राहून वरून फोटो काढायला लागली. मी शेजारी बसून होते, पण माझ्या डोक्यात ती तीन नावंच फिरत राहिली.

आधी ती वस्तू सांगते. दीड-दोन हात लांबीरुंदीचं चौकोनी कापड. खारवा मूळचा गडद लाल, पण घडीच्या कडांवर तो विटून जुन्या विटेच्या रंगाचा झालाय. एका कोपऱ्यावर शाईचा डाग आहे, बोराएवढा. समोरासमोरची दोन टोकं आधी निरगाठीने बांधलेली, म्हणजे ओढलं तर आणखी घट्ट होणारी. त्यावर उरलेल्या दोन टोकांची सुरगाठ, म्हणजे एक टोक ओढलं की सुटणारी. अण्णा, म्हणजे माझे वडील, असंच बांधायचे. जवळ नाक नेलं की वेखंडाचा वास येतो. कसर लागू नये म्हणून ते कागदांत वेखंडाचे तुकडे ठेवत. ते जाऊन अकरा वर्षं झाली, वास अजून आहे.

रात्री जेवणं झाल्यावर भाचीने मला तिच्या अभ्यासातलं एक काम दाखवलं. जोसेफ कोसुथ या अमेरिकन कलावंताने १९६५ साली, वयाच्या विसाव्या वर्षी केलेलं. नाव 'वन अँड थ्री चेअर्स', आपण 'एक आणि तीन खुर्च्या' म्हणू. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये ते आहे. भिंतीला लागून एक साधी घडीची लाकडी खुर्ची. तिच्या एका बाजूला त्याच खुर्चीचा मोठा फोटो. दुसऱ्या बाजूला शब्दकोशातली 'चेअर' या शब्दाची नोंद, फोटोने मोठी करून लावलेली. बस, एवढंच. हे काम दुसरीकडे मांडायचं तर तिथली एखादी खुर्ची घ्यायची, ती जिथे ठेवली तिथेच तिचा नवा फोटो काढायचा आणि शेजारी लावायचा. खुर्ची बदलते, फोटो बदलतो. कोशातली नोंद मात्र तीच राहते.

"यातली खरी खुर्ची कुठली, हा प्रश्न आहे," भाची म्हणाली.

मला दुसरंच काही आठवलं. आपण मराठीत वस्तूला 'पदार्थ' म्हणतो. हल्ली हा शब्द बहुतेक ताटातच उरलाय. पंगतीत किती पदार्थ होते, असं आपण विचारतो. शाळेत भौतिकशास्त्रात घन पदार्थ, द्रव पदार्थ शिकतो. पण शब्द फोडून पाहा. पद अधिक अर्थ. पदार्थ म्हणजे पदाचा अर्थ, एखादा शब्द उच्चारला की त्याने जे दाखवलं जातं ते. कणादांच्या वैशेषिक दर्शनाने जगात जे काही आहे त्याची वर्गवारी केली आणि त्या वर्गांना हेच नाव दिलं. जग म्हणजे शब्दांच्या अर्थांची मांडणी, असं त्या नावातच आलं. खुर्ची आणि तिची कोशातली नोंद शेजारी शेजारी ठेवायला कोसुथला एक अख्खं दालन लागलं. आपल्या भाषेत ती दोन्ही एका शब्दात बांधलेली आहेत, आणि तो शब्द आपण भाजी वाढताना वापरतो.

'वस्तू' हाही असाच राबता शब्द. तो 'वस्' धातूपासून आलाय, राहणे या अर्थाच्या. वस्ती, निवास, रहिवास, वास्तू आणि वास्तव ही सगळी याच घरची माणसं. जे राहतं, टिकतं ती वस्तू, आणि जिथे राहायचं ती वास्तू. संस्कृतात आणखी एक 'वस्' आहे, अंगावर घालणे या अर्थाचा. त्यापासून वस्त्र आणि वसन. दोन्ही धातू ऐकायला एक, पण नात्याने परके. आमच्या दिवाणातलं ते बोचकं म्हणजे एका 'वस्'ला दुसऱ्या 'वस्'ने गुंडाळलेलं, असं मला त्या रात्री वाटलं.

खुर्चीचं बोलायचं तर हा शब्द फार लांबून चालत आलाय. मराठीत तो फारसीतून आला, फारसीत अरबी 'कुर्सी'वरून, अरबीत आरामेईकमधून, तिथे अक्कादी 'कुस्सू'वरून, आणि अक्कादीच्या मागे उभा आहे सुमेरी 'गुझा'. म्हणजे चार-साडेचार हजार वर्षांपूर्वी इराकच्या मातीत कुणीतरी राजा किंवा देव ज्यावर बसवला, त्या आसनाचं नाव आज आपण प्लास्टिकच्या, एकात एक रचून ठेवायच्या, लग्नात भाड्याने आणायच्या वस्तूला देतो. आपल्या घरांत बसायला पाट होता, चौरंग होता, सतरंजी होती. खुर्ची आली ती सत्तेबरोबर. म्हणूनच मराठीत 'खुर्ची' म्हटलं की बसण्याआधी अधिकार आठवतो. खुर्चीचा मोह, खुर्चीला चिकटून बसणे, हे वाक्प्रचार पाटाच्या वाट्याला कधी आले नाहीत.

कोसुथच्या भिंतीवरचा इंग्रजी 'चेअर' निघाला ग्रीक 'कथेद्रा'पासून, लॅटिन आणि फ्रेंच वळणं घेत. त्यातला 'हेद्रा' म्हणजे बैठक, आणि त्याचं मूळ आपल्या 'सद्' धातूशी एकच आहे. सदन, सभासद, परिषद, संसद, गुरूजवळ बसणं सांगणारं उपनिषद, सगळे या 'सद्'चे. म्हणजे कुळ पाहिलं तर न्यूयॉर्कमधल्या त्या भिंतीवरचा इंग्रजी शब्द आपल्या संसदेचा सख्खा चुलत भाऊ, आणि मराठी खुर्ची मात्र बगदादकडची पाहुणी. कोशातली नोंद तीच राहते असं वर म्हटलं खरं, पण त्या नोंदीच्या आत केवढा प्रवास चाललेला असतो!

छायाचित्रकार दयानिता सिंग यांनी याच वस्तूवर एक अख्खं पुस्तक केलंय. २००५ सालचं, नाव 'चेअर्स', उलगडत जाणाऱ्या घड्यांचं. त्याचं मूळ बॉस्टनच्या इझाबेला स्ट्यूअर्ट गार्डनर संग्रहालयातल्या त्यांच्या मुक्कामात आहे. रिकाम्या खुर्च्या, कुणीही न बसलेल्या. वैशेषिकांनी सहा पदार्थ मोजले होते, पुढे त्यात सातवा घातला गेला, तो 'अभाव'. जमिनीवर घडा नाही, हे 'नसणं'सुद्धा आपल्याला कळतं, म्हणून तोही एक पदार्थ. रिकाम्या खुर्चीचा फोटो पाहताना डोळा जे पाहतो ते हेच. अण्णांची आरामखुर्ची आम्ही अजून हलवलेली नाही, त्यामुळे हा सातवा पदार्थ मला कुणी शिकवावा लागला नाही.

मुळात आपण फोटो 'काढतो'. हिंदीत फोटो खींचतात, गुजरातीत पाडतात, इंग्रजीत घेतात. मराठीत काढतात. हे क्रियापद प्राकृतातल्या 'कड्ढ'पासून आलंय, ओढणे, बाहेर खेचणे या अर्थाचं. आणि त्याचा संसार बघा. विहिरीतून पाणी काढतात, गाईची धार काढतात, दारात रांगोळी काढतात, पायातला काटा काढतात, कर्ज काढतात, कोपऱ्यातला केर काढतात. शेतात उभं पीक हाती घेतलं की काढणी होते. वाईट काळ आला की दिवस काढतात. मुलाने काही चांगलं केलं की त्याने घराचं नाव काढलं. आणि माणूस दूर गेलं की त्याची आठवण काढतात. फोटो काढणं या सगळ्यांच्या पंगतीला बसलंय. जे आत आहे, ते ओढून उजेडात आणायचं. भाची स्टुलावर उभी राहून गाठोड्याचा फोटो काढत होती आणि आई स्वयंपाकघरात अण्णांची आठवण काढत होती. दोघींचं क्रियापद एकच होतं.

'छायाचित्र' या शब्दावर मात्र माझा बराच काळ रोष होता. ग्रीकात 'फोस' म्हणजे उजेड, 'ग्राफे' म्हणजे लेखन किंवा रेखाटन. जॉन हर्शेल यांनी मार्च १८३९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढच्या आपल्या निबंधात 'फोटोग्राफी' हा शब्द वापरला आणि तो रुजला. मग आपण उजेडाची सावली का केली? प्रकाशचित्र म्हणायला काय हरकत होती? पुढे कळलं की या कलेचा एक जनक सावलीच्याच बाजूचा होता. हेन्री फॉक्स टॅल्बट इंग्लंडमधल्या लेकॉक ॲबी या आपल्या घरी १८३५ साली कागदावर प्रयोग करत होते. त्यांनी त्या वर्षीच्या आपल्या वहीत या कृतीला 'सायाग्राफिक' असं एक नाव दिलंय. ग्रीक 'स्किया' म्हणजे सावली. हा 'स्किया' आणि आपली 'छाया' एकाच मुळाच्या बहिणी आहेत. म्हणजे 'छायाचित्र' हा शब्द करणाऱ्याने, बहुधा नकळत, टॅल्बट यांच्या वहीतला शब्दच जसाच्या तसा मराठीत आणून ठेवला. शिवाय संस्कृतात छाया म्हणजे नुसती सावली नव्हे. छाया म्हणजे कांती, तेजही. माझा रोष तेव्हा गेला तो गेला.

याच टॅल्बट यांनी १८४४ ते १८४६ या काळात 'द पेन्सिल ऑफ नेचर' हे पुस्तक भागाभागाने काढलं. त्यात काय फोटो आहेत? फळ्यांवर ओळीने मांडलेली चिनी मातीची भांडी. पुस्तकांची मांडणी. उघडं दार, त्याला टेकलेला झाडू. रोजच्या वस्तू. भांड्यांच्या फोटोबद्दल ते म्हणतात की घरातल्या वस्तूंची लेखी यादी करायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात फोटोने सगळी नोंद होते, आणि चोराने ती भांडी पळवली तर हा फोटो न्यायालयात पुरावा म्हणून पुढे करता येईल. फोटो हा पहिल्यापासून असा दप्तरी कामाचा आहे.

इथे मी पुन्हा दिवाणाशी येते, कारण मला खरं बोलायचंय ते दप्तराबद्दल.

दयानिता सिंग यांचं 'फाइल रूम' हे पुस्तक २०१३ साली आलं. भारतभरच्या दप्तरखान्यांचे काळे-पांढरे फोटो. छतापर्यंत भिडलेल्या मांडण्या, वाकलेल्या फळ्या, कागदांचे ढीग, त्यांच्यात बसलेला एखादा राखणदार. पुढे २०१६ मध्ये त्यांनी 'टाइम मेझर्ड' ही मालिका केली. त्यात फक्त गाठोडी आहेत. कापडात बांधलेली, बंद, एका फोटोत एक. प्रत्येकाचं कापड वेगळ्या तऱ्हेने विटलेलं, प्रत्येकाची गाठ वेगळ्या हाताची. आत काय आहे ते दिसत नाही. कापडाचा रंग किती उडाला यावरून काळ मोजायचा. भाचीने ते फोटो मला दाखवले तेव्हा मी चमकले, कारण त्यातलं एक गाठोडं आमच्या दिवाणातलं असतं तरी ओळखू आलं नसतं.

अशा गाठोड्याला मराठीत रीतसर शब्द आहे, आणि तो आईच्या तोंडी होता. रुमाल. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागद ठेवले आहेत ते रुमालांत. अभ्यासक आजही संदर्भ देताना रुमाल क्रमांक अमुक असं लिहितात, आणि रुमालाच्या आत पुडकी असतात. रियासतकार गो. स. सरदेसाई यांनी या दफ्तरातून निवडलेल्या कागदांचे पंचेचाळीस खंड छापले, ते असे रुमाल सोडून सोडूनच. 'रुमाल' हा फारसी जोडशब्द. 'रू' म्हणजे चेहरा, 'माल' म्हणजे चोळणारं, पुसणारं. आपल्या 'मालिश'मधला माल तोच. तोंड पुसायचा तुकडा मराठीत येऊन डोक्याला गुंडाळला गेला आणि शेवटी राज्याचे कागद बांधायला लागला. खिशातला रुमाल, डोक्याचा रुमाल आणि दफ्तरातला रुमाल. चौकोनी कापड तेच, हाताने त्याचं काय केलं तेवढं बदललं.

आणि खुद्द दप्तर? ग्रीक 'दिफ्थेरा' म्हणजे कमावलेलं कातडं. हिरोडोटस सांगतो की आयोनियातले ग्रीक लोक पपायरसच्या कागदालाही 'दिफ्थेरा'च म्हणत, कारण कागद मिळत नव्हता तेव्हा ते बकऱ्या-मेंढ्यांच्या कातड्यावर लिहीत असत. कातडं गेलं, कागद आला, नाव राहिलं. तोच शब्द पूर्वेकडे सरकत अरबी-फारसीत 'दफ्तर' झाला. आधी वही, मग नोंदींचा संग्रह, मग जिथे त्या नोंदी असतात ते कार्यालय. मराठीत त्याला आणखी एक घर मिळालं, शाळेच्या पोराच्या पाठीवरचं. जे राजदरबारी दप्तर होतं तेच पहिलीतल्या मुलीच्या खांद्याला आलं, आणि आता तर ते नायलॉनचं असतं. याच 'दिफ्थेरा'वरून ब्रेतोनो या फ्रेंच वैद्याने १८२६ साली घशाच्या एका रोगाला नाव दिलं, घशात कातड्यासारखा पापुद्रा धरतो म्हणून. डिप्थेरिया, आपला घटसर्प. ज्या रोगाची लस टोचून घ्यायची आणि जे पाठीला लावून शाळेत जायचं, त्या दोन्हींची नावं एकाच कातड्यातून कापलेली आहेत.

शिवाजी महाराजांच्या काळात रघुनाथपंडितांच्या नावाने ओळखला जाणारा राज्यव्यवहारकोश झाला आणि कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले. मला त्या कामाचा अभिमान आहे. पण दप्तर आणि रुमाल टिकले, आणि त्याचंही मला वाईट वाटत नाही. ते शब्द कारभाऱ्यांच्या कागदापुरते राहिले नव्हते, बायामाणसांच्या हातांत गेले होते. हातात गेलेला शब्द सहसा सुटत नाही.

'बस्ता' घ्या. हिंदीभाषक मुलं शाळेत बस्ता नेतात. आपण लग्नाचा बस्ता बांधतो. वधूवरांच्या, मानापानाच्या साड्या आणि कापडं एकदम घ्यायची, त्या खरेदीला बस्ता. दुकानात गादीवर चादर पसरून साड्यांची चळत लावतात तेव्हा अजूनही हा शब्द कानावर येतो. फारसी 'बस्ता' म्हणजे बांधलेलं. त्या फारसी क्रियापदाचं आणि आपल्या 'बन्ध्' धातूचं मूळ एक. 'बंदोबस्त' या शब्दात तर बांधणं दोनदा आलंय, 'बंद' आणि 'बस्त'. भाचीचा 'बंडल' हा शब्दही यातून सुटत नाही. इंग्रजी 'बाइंड'चा तो भाऊबंद आणि 'बाइंड' पुन्हा त्याच 'बन्ध्'च्या कुळातला. मी तिला म्हणाले, तू बंडल म्हणालीस ते काही चुकलं नाही, पण तुझ्या शब्दातली गाठ तुला दिसत नव्हती एवढंच.

'फाइल'सुद्धा अशीच. लॅटिन 'फिलुम' म्हणजे दोरा. कागद दोऱ्यात किंवा तारेत ओवून ठेवायचे, ती फाइल. आपल्याकडे पोस्टातल्या आणि किराणा दुकानातल्या तारांवर पावत्या ओवलेल्या मी लहानपणी पाहिल्या आहेत, ती मूळची फाइल. तिला बांधायची फीत आली पोर्तुगिजांच्या 'फिता'वरून. लालफीत म्हटलं की आज आपण कपाळावर आठ्या आणतो, पण कुणीतरी कागद वाऱ्याने उडू नयेत म्हणून प्रेमाने बांधले होते, तो त्या शब्दाचा आरंभ.

सगळ्यांत जिव्हाळ्याचा मला वाटतो तो 'बासन'. पोथी गुंडाळायचं कापड ते बासन. वसन, वासन या कुळातला शब्द, म्हणजे पोथीचं वस्त्रच. आज आपण एवढंच म्हणतो की अमुक योजना बासनात गुंडाळली, म्हणजे संपली, विसरली. माझी आजी मात्र चातुर्मासात रोज संध्याकाळी बासन सोडायची, पोथीला नमस्कार करायची, अध्याय वाचायची आणि पुन्हा तसंच बासनात गुंडाळून ठेवायची. तिच्यासाठी बासनात गुंडाळणं म्हणजे उद्यासाठी जपून ठेवणं होतं. वाक्प्रचार उरला, पण ज्या कापडात तो जन्मला ते कापड घरातून गेलं, म्हणून त्याचा अर्थ उलटा झाला. मला हे सलतं. वस्तू नाहीशी झाली की शब्द पोरका होतो आणि मग कुणाच्याही घरी राबायला जातो.

पोथी स्वतः कुठून आली, ते सांगितलं तर आजी मला ओरडली असती. 'पुस्तक'चं प्राकृत 'पोत्थअ', त्याची 'पोथी'. आणि 'पुस्तक' हा शब्द संस्कृतात इराणी भाषांतून आला असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे, तिथल्या 'पोस्त' या शब्दावरून. पोस्त म्हणजे कातडी. सोवळ्यात वाचायची पोथी आणि कचेरीतलं दप्तर, दोन्हींच्या नावात कातडं आहे, एकाच्या इराणी, एकाच्या ग्रीक. लिहिण्याची गोष्ट पूर्वी कुठल्या तरी जिवाच्या अंगावरून आली होती, हे शब्दांनी लक्षात ठेवलंय.

आता माझा शब्द, गाठोडं. मी तो सहज वापरला होता, काहीसा हलक्या हाताने. आईला तो आवडला नाही, कारण गाठोडं म्हटलं की धोब्याचं, नाहीतर घर सोडून निघालेल्या माणसाचं. पण गाठोडं 'गाठी'चं, आणि गाठ 'ग्रंथी'ची. ज्या 'ग्रन्थ्' धातूपासून ग्रंथी, त्याच धातूपासून ग्रंथ. बांधलेला तो ग्रंथ. ताडपत्रांना भोक पाडून दोरा ओवायचा आणि गाठ मारायची, तेव्हा सुटी पानं ग्रंथ व्हायची. विषय कुठला, लिहिणारा कोण, हे नंतर. आधी गाठ. या हिशेबाने अण्णांचं गाठोडं आणि कपाटातली ज्ञानेश्वरी, दोन्ही एकाच धातूची. मी आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग म्हण गाठोडं. पण बाहेरच्यांपुढे रुमालच म्हण."

मला फोटोबद्दल आणि शब्दाबद्दल जे म्हणायचंय ते या गाठीपाशी आहे. फोटोत गाठ थांबलेली असते. भाचीच्या एका फोटोत फक्त ती गाठच आहे, खिडकीचा उजेड तिच्यावर तिरपा पडलाय, आतल्या घडीत खारव्याचा मूळ लाल रंग एका रेघेएवढा दिसतोय. सुंदर फोटो आहे. पण ती सुरगाठ आहे की निरगाठ, हे त्यात कळत नाही. ते कळायला ओढून पाहावं लागतं. शब्दांत ते ओढणं शिल्लक राहिलंय. पुसणं, बांधणं, ओवणं, गुंडाळणं, कातडं कमावणं, ही सगळी हातांची कामं या नावांच्या आत गप्प बसून आहेत. कोसुथने वस्तू, फोटो आणि कोशातली नोंद शेजारी शेजारी ठेवली ती योग्यच. एकाला जे सांगता येत नाही ते दुसऱ्याकडे आहे.

'संकल्पनात्मक छायाचित्रण' असा जड शब्द भाचीच्या अभ्यासातल्या या प्रकाराला मराठीत वापरतात. त्यातला संकल्प मात्र आपल्या घरचा आहे. पूजेला बसलं की उजव्या हातात पाणी घेऊन आधी देश, काळ, आपलं नाव, गोत्र उच्चारायचं, कशासाठी बसलो ते म्हणायचं आणि मग पाणी सोडायचं. काय करणार आहोत हे आधी स्पष्ट बोलायचं. भाचीने तिच्या वहीत पहिल्या पानावर तेच केलं होतं. स्थळ, वार, वेळ, खिडकीची दिशा आणि खाली एक ओळ: आजोबांचं गाठोडं, न सोडता. पाच वाक्यांत मी तिला समजावलं असतं त्यापेक्षा ते बरं होतं.

तिला न सोडता फोटो काढायचे होते, पण आईने चौथ्या दिवशी रुमाल सोडलाच. सातबाऱ्याचा उतारा लागणार होता. सुरगाठ एका ओढीत सुटली, निरगाठीला आईला नखं लावावी लागली. आत दोन खरेदीखतं, सातबाऱ्याचे उतारे, सोसायटीच्या पावत्या, माझी चौथीची प्रगतिपत्रकं आणि आईच्या लग्नाची पत्रिका, हळदीचं बोट लावलेली. कापडाची आतली बाजू कुंकवासारखी लाल होती. इतकी वर्षं उजेड तिथे पोचलाच नव्हता.

कागद बघताना मला दिवाणाचं सुचलं. इराणी 'दिपि' म्हणजे लेख. तो शब्द मेसोपोटेमियातल्या मातीच्या पाटीच्या नावापासून आलेला. अशोकाच्या शाहबाजगढीच्या शिलालेखात धर्मलेखाला 'दिपि' म्हटलंय, इतरत्र 'लिपि'. आपली लिपी ती हीच. जिथे लेख ठेवायचे त्या जागेचं इराणी नाव घासत घासत 'दीवान' झालं. पुढे दीवान म्हणजे नोंदवही, मग दरबार, मग दरबारातला मंत्री, आणि मग दरबारात भिंतीशी बसायची गादीची बैठक. मराठीत दिवाणजी झाला, दिवाणखाना झाला, आणि सुताराने खाली पेटी केलेला, वर गादी टाकायचा पलंग, तोही दिवाणच. अण्णांनी तो करून घेतला तेव्हा त्यांना यातलं काही ठाऊक असायचं कारण नव्हतं. कागद ठेवायला ती जागा कोरडी आणि उंदरांपासून सुरक्षित, म्हणून त्यांनी ते तिथे ठेवले.

आईने उतारा बाजूला काढला, बाकीचे कागद चापूनचोपून जुळवले, वेखंडाचे नवे तुकडे टाकले. आधी निरगाठ, वर सुरगाठ. भाचीने कॅमेरा उचलला होता, पण आईच्या हातांकडे बघत राहिली आणि फोटो राहून गेला.

"परत सोडू का?" आईने विचारलं.

"नको आजी. मला बांधून बघू दे."

तिची पहिली गाठ सैल बसली. आईने तिच्या हातांवर आपले हात ठेवून ती ओढली, आणि मग दोघींनी मिळून रुमाल दिवाणात ठेवला.